बटणांचा दगड

प्रिय ठकू,

काल फोनवर मी तुझ्यावर ओरडलो. जन्मात कधी तुझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि आता चढवायला आवाजही धड उरलेला नाही, तरी ओरडलो. तू हसलीस आणि म्हणालीस, बाबा, दगड उकळायचाय, घर पेटवायचं नाहीये. माझं पत्र हातात पडेपर्यंत त्या दगडाला हात लावू नकोस, एवढंच बोलून मी फोन ठेवला. का, ते फोनवर सांगणं मला जमलं नसतं. तू मध्येच रडली असतीस, मग मी थांबलो असतो, आणि अर्धी सांगितलेली गोष्ट न सांगितलेल्या गोष्टीहून वाईट. म्हणून लिहायला बसलोय. दगड आहे तिथेच राहू दे, पाण्यात, पूर्ण बुडालेला. पिल्लूला त्या खोलीत एकटीला सोडू नकोस. एवढं केलंस की बाकीचं सावकाश वाच.

खरं तर काल तुझं कौतुक करायला हवं होतं. कुणाची तरी खाऱ्या पाण्याची जुनी काचेची टाकी दगडांसकट, जिवंत कोरलांसकट तू घरी आणलीस. ती जिन्यावरून वर नेताना जावईबापूंची कंबर धरली आणि शेजारच्या आजींनी त्यांना लेप लावायला दिला, हे तू इतकं रंगवून सांगत होतीस की मी पोट धरून हसत होतो. मग त्या दगडाचं निघालं. त्यावर हिरवी-तपकिरी बटणं, ती बटणाएवढी गोल कोरलं, नुसती माजलीत, बाकीच्यांना पाय ठेवायला जागा नाही, ती सगळी खरवडून काढणार आणि मग दगड मोठ्या पातेल्यात घालून खळाळून उकळणार, म्हणजे निर्धास्त. हे शेवटचं वाक्य तुझं नव्हतं. ते आईचं होतं, शब्दही तिचे आणि ठसकाही तिचाच. तिथेच मी ओरडलो.

आपली टाकी कशी आहे, असं तू दर फोनला विचारतेस आणि मी दर वेळी छान म्हणून मोकळा होतो. आज नीट सांगतो. टाकी पुढच्या खोलीत त्याच भिंतीला आहे, जिथे ऊन पोहोचत नाही. सगळी मंडळी जिवंत आहेत. सासूबाई परवापासून रुसल्यात. तुला आठवतंय ना, ते चामड्यासारखं, छत्रीच्या आकाराचं कोरल, त्याला आईनं सासूबाई नाव दिलं होतं? आईची सासू म्हणजे माझी आई, त्यामुळे मला ते नाव कधी पचलं नाही, पण शोभतं मात्र अगदी. काही कारण नसताना एके दिवशी सगळे हात आत ओढून घ्यायचे, तोंड पाडून बसायचं, अंगावर मेणासारखी पापुद्र्याची चादर ओढायची आणि कुणाशी बोलायचं नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मेलं समजून बादली घेऊन आलो होतो. आईनं मला हातानं मागे सारलं. पेशंट झोपलाय, म्हणाली, दर तासाला हलवून जागा केलात तर बरा होईल का? नुसतं त्याच्या अंगावरून पाणी वाहतं ठेवायचं, जागा बदलायची नाही, बोटानं टोचायचं नाही. काही दिवसांनी त्यांनी कात टाकली आणि असा काही फुलोरा आला की ज्याचं नाव ते. तुझ्या टाकीतलं कुणी असं मिटून बसलं तर उगाच कचऱ्यात टाकू नकोस. मेलेलं कोरल पिठासारखं भुगा होत जातं आणि त्याला कुजका वास येतो, तो नाकाला बरोबर कळतो.

बाळमुठी नावाची ती दुसरी कोरलंसुद्धा मजेत आहेत. सारख्या मुठी उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. आई त्यांच्यासमोर बसून मोजे विणायची. तुझ्या पिल्लूसाठीचे मोजे. तेव्हा पिल्लू जगात यायचं होतं आणि आई म्हणायची की ही मंडळी त्याची रंगीत तालीम करतायत. त्यातला एकच पाय विणून झाला होता, तो मी तुला पाठवला नाही. एका पायाचा मोजा पाठवून काय करणार.

पाण्याचं एक ध्यानात ठेव. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून रोज जेवढं कमी होईल तेवढं गाळलेलं साधं पाणी घालायचं, खारं नाही. आईनं काचेवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून ठेवलीय, पाणी तिच्या खाली गेलं की भरायचं. पट्टी मी अजून बदललेली नाही, जरा पिवळी पडलीय. आणि ह्या लोकांना एकमेकांना खेटून ठेवायचं नाही. मऊ कोरल म्हणतात म्हणून मवाळ समजू नकोस. ही कडकडून भांडत नाहीत, गुपचूप पाण्यात आपापलं विष सोडतात आणि शेजाऱ्याला हळूहळू संपवतात. म्हणून मधे मोकळी जागा हवी, पाणी अधूनमधून थोडंथोडं बदलायला हवं आणि गाळणीत कोळशाची पिशवी हवी. कोळसा ते विष शोषून घेतो. टाकी बसवून देणारे टाकीवाले सांगायचे तेव्हा आम्ही दोघं मान डोलवायचो, पण तेव्हा मला ते पाण्यातलं विष म्हणजे त्यांचं त्यांच्यातलं घरगुती भांडण वाटायचं. माणसाचा त्यात काय संबंध, असं वाटायचं.

मी हयातभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्यात एक नियम होता. खाली खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. जोडीदाराच्या नाही, वॉचमनच्या नाही, स्वतःच्या. माणूस कितीही शहाणा असो, किल्ली आपल्याच खिशात. ज्यांनी हा नियम मोडला त्यांतल्या काहींच्या तेराव्याला मी जाऊन आलोय. घरी आलो की मात्र मी किल्ली खुशाल आईच्या खिशात टाकायचो. स्वच्छता, औषधपाणी, काय खावं, काय धुवावं, हे सगळं खातं तिचं. ऑपरेशन थिएटरची हेडसिस्टर घरात असताना मी कशाला डोकं चालवू?

आता मात्र टाकीचं काम मी लिफ्टसारखं करतो. आधी पंपांचे आणि दिव्यांचे प्लग काढून ठेवतो. मग कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, कडेनं बंद असलेला. हाताला साधं खरचटलं असलं तरी त्या दिवशी काम नाही. टाकीची बादली आणि ब्रश वेगळे, लाल रंगाची खूण केलेले, ते स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाहीत. दगड हलवायचा तर पाण्याच्या आतल्या आत. बाहेर काढायचाच झाला तर टाकीच्याच पाण्यात, झाकणाच्या डब्यात. कोरडा खरवडायचा नाही, नळाची जोरदार धार मारायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही आणि गरम पाणी त्याच्या आसपाससुद्धा न्यायचं नाही. काम झालं की हात साबणानं दोनदा धुतो. तू व्हिडिओवर मला तो चष्मा घातलेला पाहिलंस आणि म्हणालीस, बाबा, टाकीत पोहायला उतरताय का? मी पण हसलो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण तुला दुधाचं माहीत नव्हतं, नुसतं माझं ताक फुंकणं दिसत होतं.

तुझ्या आईचं उकळणं तुला सांगायला नको. तुझी खेळणी उकळली, माझं नेलकटर उकळलं, पाहुण्यांनी आणलेले चमचे उकळले. एकदा माझ्या चष्म्याची दोरी उकळली तेव्हा मी म्हणालो होतो की मला अजून पातेल्यात घातलं नाहीस हे उपकारच. त्यावर तिनं मला खालून वर असं पाहिलं की मी खोलीतून निघून गेलो. पण त्या उकळण्यामागे तिचं आख्खं आयुष्य होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या कात्र्या-चिमट्यांनी कुणाला जंतुसंसर्ग झाला, असं एकदाही घडलं नाही. नव्या पोरींना ती शिकवायची ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. जो दिसत नाही तोच शत्रू, आणि त्याला उष्णता सोसत नाही. हे खरंच आहे. जंतूंच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. घोटाळा एवढाच की जंतू वेगळा आणि विष वेगळं. जंतू जिवंत असतो म्हणून त्याला मारता येतं. जे मुळात जिवंतच नाही त्याला उकळून काय मरण येणार?

बटणांचा दगड आपल्याकडेही होता. तूच आणला होतास, आईच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या वाढदिवसाला. पाण्याच्या पिशवीत घालून, मांडीवर धरून. मी आपला पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच जाणणारा, मला तो शेवाळलेला दगड वाटला. पण दिवा लावल्यावर ती बटणं उघडली आणि आईनं तोंडावर हात ठेवला. टाकी तू आधीच दिली होतीस, पण तिचा जीव खरा जडला तो ह्या दगडानंतर. घरात बसून काय करू म्हणून रडणारी बाई सकाळी उठल्याउठल्या टाकीकडे जायला लागली. हे तू केलंस. हे वाक्य पुन्हा वाच, पुढचं वाचण्याआधी.

मग तुझ्या टाकीत झालंय तसंच झालं. बटणं पसरत पसरत सासूबाईंच्या पायथ्याशी पोहोचली. टाकीवाले गावाला गेले होते. ते येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण थांबणं आईच्या रक्तात कुठे? एका सकाळी तिनं हातमोजे घातले, दगड बाहेर काढला, सिंकमध्ये ब्रशनं खसखसून घासला आणि जुन्या मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढवला. बाहेर वारा होता, ज्योत विझू नये म्हणून खिडकी लावून घेतली होती. मी पुढच्या खोलीत इस्त्रीची वायर जोडत होतो. समुद्रकिनाऱ्याचा वास आला. आई आतून म्हणाली, बसल्या जागी फिरायला आल्यासारखं वाटतंय. मी हो म्हटलं. ठकू, आम्ही त्या वासावर खूश झालो होतो.

थोड्या वेळानं माझ्या तोंडात स्क्रू धरल्यासारखी चव आली. मला वाटलं, खरंच धरला होता की काय, कामात मी धरतो. दुपारनंतर दोघांनाही हुडहुडी भरली, अंग मोडून निघालं, खोकला सुरू झाला. आई म्हणाली, साथ आहे, वाफ घेऊ या. आम्ही त्याच स्वयंपाकघरात, त्याच हवेत बसून वाफ घेतली. दुसऱ्या दिवशी मला जरा उतार पडला. तिला श्वास पुरेना. तिचा दमा तुला माहीतच आहे, एरवी तिनं तो मुठीत ठेवला होता.

तुझ्यापाशी मी घशाला धुळीचा त्रास आहे म्हणतो, तो धुळीचा नाही. त्या दिवसापासूनचा आहे. मी दाराबाहेर होतो म्हणून माझं आवाजावर भागलं.

दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाई होत्या. दोघांना एकदम कसं झालं, घरात काय शिजवलं, काय धुतलं, असं त्या खोदून खोदून विचारत होत्या, आणि बटणं म्हटल्यावर हातातलं पेन खाली ठेवून ऐकायला लागल्या. ह्या बटणांपैकी काहींत फार जहाल विष असतं, म्हणाल्या. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांत आहे असंच धरून चालायचं. ते उकळून नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर हवेत पसरतं. बहुतेक माणसं काही दिवसांत बरी होतात. पण आधीच थकलेल्या छातीचं सांगता येत नाही. आईनं हे सगळं नळ्या लावलेल्या अवस्थेत ऐकलं. मग नाकावरचा मास्क बाजूला करून मला म्हणाली, जंतू मात्र सगळे मेले असतील हो. आणि हसली. मी बाहेर जाऊन रडलो.

तुझ्या दगडाचं काय करायचं ते इथंच सांगून टाकतो. तिथल्या कुठल्याही टाकीवाल्याला बोलाव आणि आधीच सांग की बटणं आहेत. तो पाण्यातल्या पाण्यात झाकणाच्या डब्यात घालून घेऊन जाईल. ठेवायचाच असेल तर एका बाजूला, वेगळा ठेव, हातमोज्यांशिवाय हात घालू नकोस. काम करताना कधी तोंडाला धातूसारखी चव आली, ओठांना मुंग्या आल्या, खोकला लागला, तर पिल्लूला उचल, मोकळ्या हवेत जा आणि तडक डॉक्टरांकडे जाऊन बटणांचं नाव घे. साथ आहे म्हणून घरी बसू नकोस. टाकी मोडू नकोस. नियम पाळले तर ही मंडळी कुणाचं वाईट करत नाहीत, मी रोज त्यांच्यासोबत राहतो.

आता हे सगळं इतक्या दिवसांनी का, ते सांगतो. त्याच दिवशी संध्याकाळी आईनं माझा हात धरला आणि ठकूला सांगू नका म्हणाली. तुझे दिवस भरत आले होते, तुला अंथरुणातून उठायची बंदी होती, म्हणून मला वाटलं तेवढ्यापुरतं म्हणतेय, आणि मी हो म्हटलं. ती म्हणाली, तेवढ्यापुरतं नाही, कधीच नाही. दगड पोरीनं दिलाय, कळलं तर जन्मभर कुढत राहील. मला स्वतःची शपथ घातली. म्हणून ती गेली तेव्हा तुला न्यूमोनिया म्हणालो. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं, आणि ते अर्धं मी माझ्याबरोबरच वर घेऊन गेलो असतो. पण काल नुसतं नको म्हणून भागलं नसतं. तू का म्हणून विचारलं असतंस, मी काहीतरी थाप मारली असती, तू बरं बरं म्हणून फोन ठेवला असतास आणि आईची रीत म्हणून पिल्लूला कडेवर घेऊन पातेलं चढवलं असतंस. तिची एखादी रीत चुकू शकते हे तुला स्वप्नातही वाटलं नसतं. मला तरी कुठे वाटलं होतं? म्हणून तिची शपथ मोडली. तू प्रेमानं एक सुंदर वस्तू दिलीस आणि तिनं आयुष्यभर जे शिकवलं तेच प्रामाणिकपणे केलं, ह्यात मला गुन्हेगार सापडत नाही, मी खूप शोधलाय. पण तू माझं ऐकणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. आई म्हणाली होती, पोर कुढेल. कुढ, ठकू. हवं तितकं कुढ, मला बोल लाव, दिवसातून दहादा फोन करून रड. मी ऐकेन. त्यासाठी तू असायला हवीस.

तुझाच,
बाबा